दोन किलोमीटर पात्र खोदण्याआधी एकदा वरचा डोंगर चढून या

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचं गाव, पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटर. गावची नदी, खरं तर मोठा ओढाच, पंचवीस-तीस वर्षांपूर्वी संक्रांतीपर्यंत वाहायची, आता दसऱ्यालाच कोरडी पडते. एका कंपनीने सीएसआरमधून, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक कामाच्या निधीतून, पैसे देऊ केले आहेत. गावालगतच्या दोन किलोमीटर पात्राचं खोलीकरण-रुंदीकरण, दोन्ही काठांना दगडी पिचिंग (दगडांचं अस्तर), देवळापाशी घाट आणि कडेने झाडं असा आराखडा तयार आहे. पावसाळ्याआधी उरकायचं आहे. करावं का, आणि केलं तर काय काळजी घ्यावी?

आराखडा आहे तसा करू नका, असं माझं मत. पैसे नाकारा असं मुळीच म्हणत नाही. पण त्यातला मोठा वाटा पात्राबाहेर, शिवारात आणि डोंगराला खर्च व्हायला हवा, आणि पात्रातलं काम सगळ्यात शेवटी यायला हवं. मी भूजल सर्वेक्षण आणि पाणलोटाच्या कामात आहे, तेही बहुतेक दख्खनच्या काळ्या खडकावर. त्यामुळे माझं बोलणं त्या प्रदेशापुरतं समजा. कोकणातल्या जांभ्यावर किंवा पूर्व विदर्भात यातल्या काही गोष्टी लागू पडणार नाहीत.

आधी दुखणं नीट पाहू. पाऊस परतल्यावर, म्हणजे साधारण ऑक्टोबरच्या मध्यानंतर, ओढ्यात जे वाहतं ते जमिनीत मुरलेलं पाणी असतं. ते काठातून आणि तळातून हळूहळू पाझरत बाहेर येतं. तुमच्या ओढ्याचे तीन महिने गेले, म्हणजे त्याला पाणी पुरवणाऱ्या जमिनीत काहीतरी बदललं. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून पाहा, ओढा संक्रांतीपर्यंत वाहत होता तेव्हा पात्र आजच्यापेक्षा खोल होतं का? बहुतेक ठिकाणी उत्तर "नाही" असं येतं. तेव्हाही उथळच होतं, मध्ये एखाद-दुसरा डोह होता, एवढंच. मग आता खोल करून ते पाणी परत कसं येणार?

ओढ्याचा एखादा उभा तुटलेला काठ बघा. वर दोन-तीन हात काळी माती किंवा पोयटा. त्याखाली गोटे आणि वाळूचा पट्टा. मग पिवळसर मुरूम, पहारीच्या टोकाने सहज खरवडला जाणारा. त्याखाली आडव्या चिरा पडलेला, पांढऱ्या ठिपक्यांचा खडक. आणि अगदी तळाला निळसर काळा एकसंध कातळ, त्यावर पहार मारली तर ठणकन वाजते. आपल्याकडे उथळ विहिरींचं पाणी राहतं ते मुरमात आणि त्या चिरांच्या खडकात. खाली कातळ लागला की ते आणखी उतरू शकत नाही, आडवं सरकतं आणि ओढ्याच्या काठाला बाहेर येतं. दिवाळीच्या सुमारास काठाने चालत गेलात तर कातळाच्या बरोबर वर एक ओली रेघ दिसेल. शेवाळ असेल, लव्हाळ्याचे पुंजके असतील, कुठे गाळात गुरांच्या खुरांचे खड्डे पाण्याने भरलेले असतील. तुमच्या ओढ्याचं हिवाळ्यातलं पाणी ते.

आता तिथे पोकलेन लावून तळ दोन-तीन मीटर खाली नेला की काय होतं? मुरमातलं पाणी त्या चराकडे जास्त वेगाने उतरायला लागतं. जे जानेवारीपर्यंत हळूहळू आलं असतं ते नोव्हेंबरातच येऊन जातं. चरात पाणी दिसतं, फोटो छान येतात, आणि दोन्ही काठांच्या विहिरी नेहमीपेक्षा लवकर तळ गाठतात. खोदताना कातळच फोडला तर आणखी वाईट. वरचं पाणी ज्याच्या आधाराने टिकलं होतं तो आधारच जातो, आणि ते खाली कुठल्या भेगेत उतरेल याचा भरवसा राहत नाही.

दुसरा त्रास पुढच्या पावसाळ्यात दिसतो. खोदलेल्या भागाच्या वरच्या टोकाला पायरी तयार झालेली असते. प्रत्येक पुरात पाणी त्या पायरीवरून आदळतं, पायरी मागे मागे सरकत जाते, आणि तुम्ही हातही न लावलेलं वरचं पात्र आपोआप खोल होत जातं. बाजूने येऊन मिळणारे ओहोळही तसेच खाली उतरतात. मग त्यांच्या कडेच्या शेतांचे कोपरे ढासळायला लागतात, आणि शेतकरी म्हणतो, या वर्षी ओढ्याने माझं रान खाल्लं.

इथे नेहमी विचारलं जातं की शिरपूरला कसं जमलं. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी नाले खोल-रुंद करून, त्यांवर ओळीने बंधारे बांधून काम उभं केलं, आणि पुढे त्याला "शिरपूर पॅटर्न" असं नाव पडलं. पण त्या तालुक्याचा बराच भाग तापीच्या गाळाचा आहे. वाळू-मातीचे थर तिथे खूप खोलवर जातात, नाला खोल केला की पाण्याला आत उतरायला जागा मिळते. डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान सुरू झाल्यावर खोलीकरण राज्यभर पोचलं. दाखवायला सोपं, मोजायला सोपं, यंत्राने झटपट होणारं काम ते. खालचा खडक पाणी घेणारा आहे का हे मात्र फार थोड्या ठिकाणी पाहिलं गेलं. खोलीकरण सरसकट वाईट असं मी म्हणणार नाही. जुन्या बंधाऱ्यामागे गाळ साठून मूळ तळ बुजला असेल तर तो गाळ जरूर काढा, शेतात टाका. फक्त मूळ मुरूम लागला की थांबा.

थोडं गणित करू. तुम्ही क्षेत्र दिलेलं नाही, म्हणून गावाच्या वरचं पाणलोट क्षेत्र १५०० हेक्टर धरतो. १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर पाणी. ५५० मिलिमीटर पावसात त्या क्षेत्रावर साडेब्याऐंशी लाख घनमीटर पाणी पडतं. तुमचा दोन किलोमीटरचा चर १० मीटर रुंद आणि २ मीटर खोल धरला तर त्यात ४० हजार घनमीटर मावतं, म्हणजे पडलेल्या पाण्याच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास. तो हंगामात चार वेळा भरून रिकामा झाला तरी दोन टक्के. उलट वरच्या १५०० हेक्टरांत वर्षभरात फक्त १० मिलिमीटर पाऊस जास्त मुरला, तरी दीड लाख घनमीटर होतं. एकदा भरलेल्या चराच्या जवळपास चौपट, आणि तेही जमिनीच्या पोटात, बाष्पीभवनापासून लांब. माझा सगळा आग्रह या आकड्यावर उभा आहे.

म्हणून माथ्यापासून सुरुवात करा. ओढ्याच्या उगमाकडचा डोंगर वनखात्याचा आहे, गायरान आहे की खासगी, हे गट नंबरासकट आधी लिहून काढा, कारण काय करता येईल ते यावर ठरतं. वनखात्याच्या जमिनीत परवानगीशिवाय एक चरही खणता येत नाही. गायरान असेल तर ग्रामसभेचा ठराव लागतो आणि बहुधा अतिक्रमणाचा विषय निघतो. उतारावर सलग समतल चर (एकाच उंचीवरून आडवे खणलेले), ओघळींत अनघड दगडांचे छोटे बांध, ही नेहमीची कामं आहेतच. पण माझ्या मते तुमच्या पट्ट्यात सगळ्यात स्वस्त आणि दुर्लक्षित काम गवताचं आहे. डोंगरावर नुसतं कुसळ उरलं असेल, दगड उघडे पडले असतील, तर सलग दोन-तीन पावसाळे चराई थांबवा. पवना, मारवेल अशी चांगली गवतं परत यायला लागली की पाण्याचा वेगही कमी होतो आणि मातीही धरली जाते. पण चराई थांबवायची तर शेळ्या-मेंढ्यांनी जायचं कुठे, हे त्यांच्या मालकांना समोर बसवूनच ठरवावं लागेल. डोंगराचे तुकडे करून एकेक आळीपाळीने बंद ठेवला तर जमतं. सगळा डोंगर एकदम बंद केला तर रात्रीच्या चोरट्या चराईत ठराव वाहून जातो.

आणि हो, तिथे वृक्षारोपणाचा धडाका लावू नका. पूर्व पुण्याचा बराच माळ मुळात गवताळच आहे, चिंकारा आणि लांडगा त्याच्याच आधारावर जगतात. प्रत्येक उघड्या टेकडीला जंगलाची गरज असते असं नाही.

मधल्या टप्प्यात शेतं येतात, आणि माझ्या अनुभवात ओढ्याची खरी नासाडी इथे असते. जुनी ताल (पाणी-माती अडवणारा बांध) फुटलेली, बांध दर वर्षी नांगराखाली थोडा थोडा जाऊन वीतभर उरलेला, सांडवा बुजलेला. पूर्वी डोंगरातून उतरणारे लहान ओहोळ वळणं घेत शेतांमधून ओढ्याला मिळायचे. सपाटीकरणात ते नांगरून टाकले गेले. पाणी मात्र त्याच वाटेने येतं, वाट दिसली नाही की शेत फोडून येतं आणि येताना माती घेऊन येतं. त्यात रस्ता झाला असेल तर आणखी एक गोष्ट पाहा: पाच ओहोळांसाठी एकच मोरी टाकली आहे का? तसं असेल तर पाचांचं पाणी एका ठिकाणी जोराने सुटतं आणि मोरीखाली घळ पडायला सुरुवात होते. अशा घळी मी किती ठिकाणी पाहिल्या, त्यांचा गाळ थेट नदीत, आणि त्याच गाळासाठी पुढे खोलीकरणाचे पैसे! बांधबंदिस्ती, दगडी सांडवे आणि दोन जास्तीच्या मोऱ्या यांवर खर्च केलेला रुपया नदीच्या नावाने दिसत नाही, पण नदीला पोचतो.

आता बोअरचा विषय, जो तुमच्या प्रश्नात कुठेच नाही. ओढा आटला त्याच तीस वर्षांत गावात किती बोअर झाल्या, ऊस किंवा कांदा किती वाढला, हे मांडा. मुरवलेलं पाणी ओढ्यापर्यंत येण्याआधीच उपसलं जात असेल तर वर कितीही चर खणा, विहिरींना फायदा होईल, ओढा कोरडाच राहील. त्यात वाईट काही नाही, गावाला तेच हवं असेल तर. पण मग त्याला नदी पुनरुज्जीवन म्हणू नका, विहीर पुनर्भरण म्हणा. हिवरे बाजारचं नाव सगळे घेतात, पण तिथे डोंगरावरच्या चरांइतकंच महत्त्व शेतीसाठी बोअर न घेण्याच्या नियमाला, चराईबंदी-कुऱ्हाडबंदीला आणि दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवण्याला आहे. ते कुठल्याही कंपनीच्या पैशाने विकत मिळत नाही. तुमच्या गावात बोअरबंदी होईल असं मी गृहीत धरत नाही. पण ओढ्याच्या दोन्ही बाजूंच्या पहिल्या ओळीतल्या विहिरी-बोअरपुरता काही समझोता झाला, तरी फरक पडतो.

वरचं पाणलोट दुसऱ्या गावाच्या हद्दीत असेल तर? हे फार वेळा असतं. तेव्हा पहिली बैठक त्या गावात घ्या, स्वतःच्या नको. राजस्थानात अलवर जिल्ह्यात अरवरी नदीच्या खोऱ्यात तरुण भारत संघ या संस्थेबरोबर गावांनी १९८० च्या दशकापासून जोहड, म्हणजे पावसाचं पाणी अडवणारी मातीच्या बांधाची तळी, बांधत नेले, नदी परत वाहती झाली, आणि मग खोऱ्यातल्या सत्तरएक गावांनी मिळून अरवरी संसद भरवली, पाणी कसं वापरायचं ते ठरवायला. तिथला खडक वेगळा, जोहड आपल्याकडे जशास तसे चालणार नाहीत. पण खोऱ्याचा निर्णय खोऱ्याने घ्यायचा, ही रीत उचलण्याजोगी आहे.

पिचिंग आणि घाट याबद्दल. कंपनीच्या सादरीकरणात साबरमतीचा किंवा सोलच्या चोंगेचनचा फोटो असण्याची शक्यता आहे. अहमदाबादेत साबरमतीतलं पाणी नर्मदा कालव्याचं आहे. सोलमध्ये २००५ साली उघडलेल्या त्या प्रवाहात मुख्यतः हान नदीतून पंपाने उचललेलं पाणी सोडतात. दोन्ही शहरी सोयी आहेत. आजूबाजूच्या जमिनीने नदी जिवंत केल्याची ती उदाहरणं नव्हेत. तुमच्या गावाला दुसरीकडचं पाणी कोण देणार? उलटं उदाहरण फ्लोरिडातल्या किसिमी नदीचं. १९६० च्या दशकात पूर टाळायला तिथली साधारण १६६ किलोमीटरची वळणदार नदी सरळ करून ९० किलोमीटरचा कालवा केला. काठची दलदल सुकली, पाणपक्षी गेले. मग १९९९ पासून त्याच कालव्याचा काही भाग मातीने परत भरायला घेतला, २०२१ मध्ये ते काम संपलं. आणि नदीला पुन्हा पसरायला जागा मिळावी म्हणून आजूबाजूची एक लाखाहून जास्त एकर जमीन सरकारला घ्यावी लागली.

आपला ओढाही पुरात पसरतोच. काठ दगडाने बांधून पात्र सरळ केलं की पाणी तुमच्या गावातून वेगाने निघून जातं आणि खालच्या गावाला जास्त उंचीने भेटतं. शिवाय काठातून पाझरणारी ती ओली रेघ पिचिंगमागे, आणि त्यात सिमेंट असेल तर पुरती, बंद होते. देवळापाशी दहा-पंधरा मीटरचा घाट बांधा, त्याने काही बिघडत नाही. लोकांना पाण्यापाशी यायला जागा हवीच. बाकी काठ मोकळा सोडा. खूप ढासळतो तिथे उतार कमी करून वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ लावा, पाण्याच्या अगदी कडेला शेरणी आणि लव्हाळे. जे मुळात तिथेच उगवून आलं आहे ते जेसीबीने साफ करून त्याच जागी नर्सरीतली गुलमोहराची रोपं लावू नका. हेही मी पाहिलेलं आहे.

आता तुमच्या हाताशी असलेल्या वेळात काय करायचं ते. टोपोशीट (उंचसखलपणा दाखवणारा सर्वेक्षण नकाशा) किंवा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा पाणलोट नकाशा मिळवा आणि त्यावर तुमच्या ओढ्याची सीमा काढा. गूगल अर्थवर जुन्या वर्षांची चित्रं बघता येतात. त्यात कुठला ओहोळ कधी नाहीसा झाला, कुठे सपाटीकरण झालं, शेततळी कुठे आली, हे बरंचसं कळतं. मग पात्राने खालून वर उगमापर्यंत चालत जा. बरोबर अभियंता असू द्या, पण एखादा मेंढपाळ आणि काठावर जुनी विहीर असलेला एखादा शेतकरी नक्की घ्या. कुठला झरा कधी आटला हे त्यांनाच माहीत असतं.

पहिल्या मोठ्या पावसाच्या दिवशी आणखी एक काम, बिनखर्ची. ओढ्याला जिथे जिथे ओहोळ मिळतो तिथे एकेक पोरगा पारदर्शक बाटली घेऊन उभा करा. एकाच वेळी पाणी भरायचं, बाटलीवर जागा आणि वेळ लिहायची. रात्रभर सगळ्या बाटल्या शाळेच्या ओट्यावर एका ओळीत ठेवा. सकाळी प्रत्येकीच्या तळाशी किती माती बसली ते दिसतं. कुठला उतार सगळ्यात जास्त माती सोडतो हे ठरवायला याहून सोपी पद्धत मला माहीत नाही, आणि ग्रामसभेत त्या बाटल्या कुठल्याही नकाशापेक्षा लवकर पटतात. पुढच्या वर्षी काम कुठून सुरू करायचं याचं उत्तर त्यांतूनच निघतं. त्याचबरोबर काठच्या आठ-दहा विहिरींची पाणीपातळी ऑक्टोबर, जानेवारी आणि मे या महिन्यांत लिहून ठेवायला सुरुवात करा. नाहीतर कामाने फरक पडला का, हे तीन वर्षांनी कोणालाच सांगता येणार नाही.

कंपनीला काय सांगायचं? त्यांना फलक लावायला आणि फोटो काढायला काहीतरी लागतं, त्यात गैर नाही. घाट, जुन्या बंधाऱ्याची दुरुस्ती, गाळ काढणं, हे त्यांना पहिल्या वर्षी द्या. पण करार तीन वर्षांचा मागा आणि माथा व मधल्या शिवाराची कामं त्यात लेखी घाला. तीन वर्षं शक्य नाही म्हणाले तर नुसत्या गाळ काढण्यावर आणि बंधारा दुरुस्तीवर समाधान माना, खोलीकरण तरीही नको.

दोन गोष्टी कळवल्यात तर मला नेमकं सांगता येईल: ओढ्याच्या तुटलेल्या काठाचा एक फोटो, शेजारी माणूस उभा करून म्हणजे उंचीचा अंदाज येईल, आणि काठच्या विहिरींमध्ये कातळ किती फुटांवर लागला ते. पोकलेन आधीच ठरवून ठेवला असेल तर या मे महिन्यात तो जुन्या बंधाऱ्यामागचा गाळ काढायला लावा, आणि गाळ कोणाच्या शेतात जाणार त्याची यादी आधी करून ठेवा. नाहीतर तो काठावरच ढीग करून टाकतात आणि जूनमध्ये सगळा परत आत येतो. उतारावरच्या चरांची आखणी पावसाळा संपल्यावर, दिवाळीनंतर घ्या.